लाकडी जमिनीचा प्रवास

सन्माननीय अध्यक्ष आणि मित्रहो,

पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय ‘दूरचित्रवाणीचा पैसा आणि अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉल’ असा छापला असून त्यासाठी मला चाळीस मिनिटे दिलेली आहेत. तिथला पुरुषांचा महाविद्यालयीन सामनाही घड्याळाप्रमाणे चाळीस मिनिटांचाच असतो. मात्र तो टीव्हीवर दाखवायचा ठरला की संपायला दोन तास लागतात, एवढे संयोजकांनी कृपया ध्यानात ठेवावे.

करार, न्यायालये आणि खेळाडूंचा वाटा यांकडे मी येणारच आहे. त्याआधी मला एका लाकडी जमिनीची गोष्ट सांगायची आहे. संधी मिळेल तिथे मी ती सांगतो, आणि आमच्या घरी ती आता कोणीही ऐकून घेत नाही.

२० जानेवारी १९६८ रोजी ह्यूस्टन विद्यापीठ आणि लॉस एंजेलिसचे यूसीएलए हे विद्यापीठ यांचा सामना ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये झाला. ॲस्ट्रोडोम हे बेसबॉलसाठी बांधलेले छताखालचे प्रचंड मैदान. तिथे बास्केटबॉलची जमीनच नव्हती. म्हणून लॉस एंजेलिसच्या स्पोर्ट्स अरीनातील लाकडी जमीन सुटी करून टेक्सासला आणली आणि त्या मैदानाच्या मधोमध पुन्हा जोडली. यूसीएलएचे प्रशिक्षक जॉन वुडन यांना हा थाट फारसा रुचला नव्हता, परंतु त्यांचे क्रीडासंचालक जे. डी. मॉर्गन यांनी त्यांचे मन वळवले. ल्यू अल्सिंडर, म्हणजे पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने गाजलेले खेळाडू, डोळ्याची दुखापत घेऊन उतरले होते. ह्यूस्टनच्या एल्विन हेज यांनी एकट्याने ३९ गुण केले, ह्यूस्टनने ७१-६९ असा विजय मिळवला आणि यूसीएलएची सलग ४७ विजयांची मालिका तुटली. दोनच महिन्यांनी हे संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पुन्हा समोरासमोर आले. तो सामना लॉस एंजेलिसच्या त्याच स्पोर्ट्स अरीनात झाला आणि यूसीएलएने तो १०१-६९ असा जिंकला. तोवर जमीन माहेरी परतली होती, एवढेच मी म्हणेन.

तथापि मला त्या सामन्यातला महत्त्वाचा आकडा गुणफलकावरचा वाटत नाही. एडी आइनहॉर्न यांच्या टीव्हीएस या छोट्या कंपनीने प्रक्षेपणाचे हक्क २७ हजार डॉलरला घेतले होते, आणि नियमित हंगामातला महाविद्यालयीन सामना रात्रीच्या मुख्य वेळेत देशभर दिसण्याची ती पहिलीच खेप होती. आत ५२ हजार ६९३ माणसे तिकीट काढून बसली होती आणि त्यांच्यापैकी सर्वांत जवळच्या माणसापासूनही खेळ शंभरएक फूट लांब चालला होता. तिकीट काढणाऱ्याला खेळ नीट दिसला नाही आणि घरी बसलेल्याला तो उत्तम दिसला. यजमानाने पाहुण्याला मागच्या पंक्तीत बसवून शेजाऱ्याच्या घरी ताट पोहोचवावे, तसा हा प्रकार होता. त्या रात्रीपासून हा खेळ घरी बसलेल्या माणसाच्या सोयीने वाकत गेला, असा माझा सिद्धांत आहे.

पुरावा म्हणून १९८२ मधील अटलांटिक कोस्ट परिषदेची अंतिम लढत पाहा; परिषद म्हणजे आपसात सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. नॉर्थ कॅरोलायनाकडे मायकल जॉर्डन होते, व्हर्जिनियाकडे राल्फ सॅम्पसन होते, आणि निकाल लागला ४७-४५, कारण नॉर्थ कॅरोलायनाने आघाडी टिकवण्यासाठी मिनिटामागून मिनिटे चेंडू नुसता एकमेकांकडे फिरवला. प्रेक्षागृहातल्या जाणकाराने त्या संयमाला दाद दिली असती. देशभरच्या टीव्हीपुढे मात्र ती शोभा झाली. १९८५-८६ च्या हंगामापासून ४५ सेकंदांत बास्केटकडे चेंडू टाकण्याचे बंधन आले, पुढे ते ३५ वर आणि २०१५-१६ पासून ३० वर उतरले.

म्हणजे टीव्हीने खेळाची घाई केली, असे आपण म्हणाल. पण त्याच टीव्हीने खेळ थांबवलाही. प्रत्येक अर्धात सोळा, बारा, आठ आणि चार मिनिटे उरली की त्यानंतर पहिल्यांदा चेंडू थांबेल तेव्हा जाहिरातींसाठी विश्रांती घ्यायची, असा शिरस्ता आहे. आठ विश्रांती, प्रत्येकी साधारण अडीच मिनिटांची, म्हणजे खेळाच्या निम्मा वेळ. एका सामन्यात मागे पडलेला संघ सलग नऊ गुण करून उठला होता, माझ्यासकट सारे प्रेक्षागृह उभे होते, आणि नेमक्या त्याच वेळी पंच चेंडू काखेत धरून उभे राहिले. मी मक्याच्या लाह्या आणून खाऊन संपवल्या तरी ते तसेच उभे होते. खेळ सुरू झाला तेव्हा त्या मुलांचे अंग थंडावले होते आणि सामना हातून गेला. हे दुःख मी तेव्हापासून बाळगून आहे.

अध्यक्षांनी चिठ्ठी सरकवली आहे, त्यामुळे कबूल केलेला विषय आता धावत मांडतो. राष्ट्रीय स्पर्धा १९३९ मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली. १९८५ मध्ये संघ ६४ झाले आणि २०११ मध्ये ६८. मधल्या काळात १९७९ चा मॅजिक जॉन्सन विरुद्ध लॅरी बर्ड हा अंतिम सामना घराघरांत पाहिला गेला आणि त्याच वर्षी ईएसपीएन ही खेळांची वाहिनी सुरू झाली. २०१० मध्ये सीबीएस आणि टर्नर या दूरचित्रवाणी कंपन्यांनी स्पर्धेच्या हक्कांसाठी चौदा वर्षांचे १० अब्ज ८० कोटी डॉलर मान्य केले, आणि २०१६ मध्ये आणखी ८ अब्ज ८० कोटी देऊन तो करार २०३२ पर्यंत वाढवला.

खेळाडूला मात्र शिष्यवृत्तीपलीकडे काही घेण्याची बंदी होती. १९९५ च्या विजेत्या संघातला खेळाडू एड ओबॅनन याने व्हिडिओ गेममध्ये स्वतःचीच प्रतिकृती खेळताना पाहिली आणि २००९ मध्ये खटला भरला. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन या माजी खेळाडूच्या खटल्यात खेळाडूंच्या बाजूने नऊ विरुद्ध शून्य असा निकाल दिला, त्याच जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येऊ लागली, आणि जून २०२५ मधील तडजोडीने विद्यापीठांना त्यांना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. मला हे न्याय्य वाटते, फक्त फार उशिरा झाले.

दुसरी चिठ्ठी आली. एकच सांगतो. २०२४ पासून यूसीएलए बिग टेन परिषदेत गेले आहे, कारण प्रक्षेपणाचा पैसा तिथे अधिक आहे. त्यामुळे न्यू जर्सीचे रटगर्स आता त्यांचे परिषदबंधू झाले आहेत. १९६८ मध्ये लॉस एंजेलिसहून जमीन न्यावी लागली होती. आता जमीन जागेवर राहते आणि दुसऱ्या दिवशी ज्यांचा तास आहे ती मुले चार हजार किलोमीटर विमानाने जातात.