एलएलएमवाल्यांसाठी एका विहिरीची गोष्ट

राम राम मंडळी. रेडिओवाल्यांनी विषय दिलाय की एलएलएम, म्हणजे एलएलबीनंतरची कायद्याची पदव्युत्तर पदवी, करणाऱ्या पोरापोरींनी पुढं काय काय करावं, आणि वेळ दिलाय पंधरा मिनिटं. माझं स्वतःचं एलएलएम झालं तेव्हा आमच्या वडिलांनी एकच प्रश्न विचारला होता, वकील तर तू आधीच होतास, मग ही दोन वर्षं केलं काय? मला तेव्हा उत्तर आलं नाही. ते खूप उशिरा आलं, एका विहिरीच्या भांडणात, आणि तेही मला नाही, माझ्या ज्युनियरला आलं. ते सांगतोच, पण आधी कामाचं बोलून घेऊ, नाहीतर इथले लोक म्हणतील वकीलसाहेब विषयावर आलेच नाहीत.

एलएलएम म्हटलं की घरचे म्हणतात प्रोफेसर. ठीक आहे. त्याला नेट किंवा सेट, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रतेची परीक्षा, लागते. नेटचे दोन पेपर, पहिल्यात पन्नास प्रश्न, दुसऱ्यात शंभर, सगळे मिळून ३०० मार्क, तीन तास, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, सोडणाऱ्याला मी माफ करत नाही. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, त्यावर पीएचडी होते. सेट पुणे विद्यापीठ घेतं, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी. पण परमनंट जागा निघेपर्यंत नशिबी येतं तासिका तत्त्व, म्हणजे जेवढे तास तेवढेच पैसे. मी सहा वर्षं शिकवलंय तसं, कॉलेजचं नाव घेत नाही, दिवाळीचं मानधन होळीला यायचं आणि तरी शिपायापासून सगळे सर-सर करायचे. एक चांगलंय, सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, ठेवूनही दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो, तसा १९७९ चा नियमच आहे. म्हणजे सकाळी वर्ग, मग कोर्ट. दोन्ही दगडांवर पाय ठेवायची परवानगी सरकारनंच दिलीय.

दुसरं, जज व्हायचं. आता हे नीट ऐका, पेन असेल तर लिहून घ्या. २० मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचं तर तीन वर्षं वकिली हवी. तीन वर्षं. आणि ही तीन वर्षं तुमच्या प्रोव्हिजनल नोंदणीपासून मोजायची, म्हणजे बारची परीक्षा पास व्हायच्या आधी बार कौन्सिलकडे होते त्या तात्पुरत्या नोंदणीपासून. एलएलएमची दोन वर्षं त्यात आपोआप धरली जात नाहीत. परत सांगतो, तीन वर्षं, प्रोव्हिजनल नोंदणीपासून, आणि एलएलएम आपोआप धरत नाहीत. माझ्याकडे येणारी निम्मी पोरं इथंच गडबडतात, आधी एलएलएम मग सनद मग परीक्षा असं गणित मांडतात आणि मग वय मोजत बसतात.

सनदीवरून आठवलं, आपल्या खान्देशात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो आणि तरी तालुका कोर्टात वकील काळा कोट घालून घामाघूम उभा. अरे बाबांनो, बार कौन्सिलचा नियमच सांगतो की उन्हाळ्यात हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्ट सोडलं तर काळा कोट सक्तीचा नाही. नियम वाचायचं काम ज्यांचं तेच नियम वाचत नाहीत. असो. गाडी रुळावर आणतो.

आणि रुळावर आणतो म्हणजे विहिरीकडे आणतो.

तापीकाठचं एक गाव, नाव नको. दोन भाऊ, दोघांत एक विहीर. १९८४ च्या वाटणीपत्रात बापानं लिहून ठेवलेलं, सोमवार मंगळवार बुधवार पाणी थोरल्याचं, गुरुवार शुक्रवार शनिवार धाकट्याचं, आणि रविवारी मोटर बंद, विहिरीला पाझर भरू द्यायचा. बघा किती सरळ. यात भांडायला जागाच नाही असं वाटतं ना? नऊ वर्षं चालला तो दावा. मी थोरल्याचा वकील.

झालं काय, निशाणी पाचच्या, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या, अर्जावर कोर्टानं ऑर्डर केली की वाटणीपत्राप्रमाणं वागा, एकमेकांच्या वारात मोटर चालू करू नका. त्यानंतर सुरू झाले ऑर्डर मोडल्याचे अर्ज. धाकट्यानं मंगळवारी दुपारी स्टार्टर दाबला, टाका अर्ज. थोरल्यानं शुक्रवारी सकाळी पाणी ओढलं, तिकडचा वकील टाकतो अर्ज. आम्ही दोघं वकील एकाच टपरीवर चहा प्यायचो आणि एकमेकांना उत्तरं द्यायचो. मी तर टायपिस्टला नुसतं सांगायचो, मागचाच काढ रे, तारीख बदल. खोटं कशाला बोलू, रेडिओवर बोलतोय. नऊ वर्षांत फाईल एवढी जाड झाली की दोरीनं बांधायला लागायची आणि एकदा तर त्यात मध्येच उंदरानं घर केलेलं.

मग माझ्याकडे एक पोरगी आली ज्युनियर म्हणून. एलएलएमचं दुसरं वर्ष संपलेलं, नेट दोन वेळा थोडक्यात हुकलेली, त्यामुळं चेहरा पडलेला. मी तिला काही शिकवलंबिकवलं नाही, ती विहिरीची फाईल दिली आणि म्हटलं हिची झेरॉक्स काढून आण, पानं मोडकळीला आलीत.

ती झेरॉक्स काढायला गेली ती दोन दिवस परत येईना. मला वाटलं सोडून गेली. तिसऱ्या दिवशी आली ते एक फुलस्केप कागद घेऊन, त्यावर पट्टीनं रेघा मारून तक्ता केलेला. नऊ वर्षांतले सगळे तक्रारअर्ज, चौदा निघाले, कुणी टाकला, कोणत्या तारखेला, कोणत्या वाराबद्दल. आणि म्हणाली, सर, एक गंमत आहे, हे अर्ज एका आड एक नाहीयेत, थव्यानं आलेत. चार महिने फक्त आपला थोरला तक्रार करतो. मग एकदम गप्प. मग चार-पाच महिने फक्त धाकटा. मग परत आपला. दोघं पाळीपाळीनं बिघडतात आणि पाळीपाळीनं सुधारतात, असं कसं?

मी म्हटलं भावकी आहे, चालायचंच. हे माझं उत्तर. अठ्ठावीस वर्षांच्या प्रॅक्टिसचं.

ती संध्याकाळी स्कुटीवर गावात गेली. वकीलपत्र नाही, काही नाही, नुसती बांधावर जाऊन उभी राहिली. धाकटा भेटला. तिनं त्याला अहिराणीत विचारलं, दादा, लाईट कव्हय येस? तो म्हणाला, रातलेच येस ना ताई. आणि झालं.

शेतकरी ऐकत असतील ते आत्ताच हसले असतील. शेतीच्या फीडरला, म्हणजे वीजवाहिनीला, लाईट काही दिवस दिवसा असते आणि काही दिवस रात्री, हे ज्याच्या शेतात मोटर आहे त्याला सांगावं लागत नाही. त्या फीडरला सोम-मंगळ-बुध दिवसा लाईट आणि गुरुवारपासून रात्री. म्हणजे थोरल्याचे तिन्ही वार उजेडाचे आणि धाकट्याचे तिन्ही वार अंधाराचे. पौषाच्या थंडीत, गव्हात, रात्री साडेबाराला बॅटरी घेऊन पाण्याचे बारे मोडत फिरायचं, पायाखाली काय येईल सांगता येत नाही, त्यात बाजूच्या केळीच्या बागेत बिबट्या दिसल्याची हूल उठलेली. मग एखाद्या मंगळवारी दुपारी त्यानं बटण दाबलं तर त्याची बायकोच म्हणणार बरं केलं. आणि काही महिन्यांनी टाईमटेबल उलटं व्हायचं, गुरुवारपासून दिवसा आणि सोमवारपासून रात्री, की मग थोरला चोर आणि धाकटा फिर्यादी.

पोरीनं सबस्टेशनच्या ऑपरेटरकडून जुनी टाईमटेबलं मिळवली आणि आपल्या तक्त्याशेजारी ठेवली. चौदापैकी तेरा अर्ज जुळले. एक जुळत नव्हता, तो नंतर कळलं लग्नातल्या मानपानावरून टाकलेला होता.

आता बघा, १९८४ ला बापानं वार वाटले तेव्हा त्याच्या डोक्यात सोमवार म्हणजे सोमवार. अमुक वार दिवसाचे आणि तमुक वार रात्रीचे, असं काही होईल हे त्याच्या स्वप्नात नव्हतं. वाटणीपत्र बरोबर, ऑर्डर बरोबर, सगळे अर्ज बरोबर, आणि नऊ वर्षांत एकाही कागदावर लाईट हा शब्द नाही. मी स्वतः तपासलं, नाहीच. माझ्या अर्जात असणार कुठून, मी तारीख बदलत होतो.

प्रकरण मध्यस्थीला नेलं. दोघा भावांना समोरासमोर बसवलं आणि मध्ये तो फुलस्केप. कुणी कायदा बोललंच नाही. ठरलं असं की वार कायमचे कुणाचेच नाहीत, दर रविवारी अदलाबदल करायची, या आठवड्यात ज्याच्या वाट्याला रात्र त्याला पुढच्या आठवड्यात दिवस. लोकअदालतीत तडजोडीची पुरसीस, म्हणजे लेखी निवेदन, दिली, निवाडा झाला, वर अपील नाही, भरलेली कोर्ट फी परत. थोरल्यानं मला फी दिली आणि तिला आपल्या शेतातलं भरताचं वांगं दिलं, पाच किलो. मला वाईट वाटलं. कपाशीच्या काट्यांवर भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी यापुढं फी काय चीज आहे, आणि गॅसवर वांगं भाजणाऱ्यांशी मी या विषयावर बोलत नाही.

तर वडिलांच्या प्रश्नाचं उत्तर हे. दोन वर्षं ती पोरगी काय शिकली? प्रबंध लिहिताना दोनशे निकाल वाचायचे, त्यांच्या तारखा लावायच्या, कोण कधी काय म्हणालं आणि मध्ये काय बदललं ते शोधायचं. तेच तिनं त्या उंदीर लागलेल्या फाईलवर केलं. म्हणून मी पोरांना सारखं म्हणतो, फाईलमधल्या तारखा वाचा. मजकूर सगळेच वाचतात, तारखा वाचा. हल्ली पोरं मोबाईलला विचारून सायटेशन, म्हणजे जुन्या निकालाचा दाखला, आणतात, शोधायला गेलं तर तो निकालच अस्तित्वात नसतो, आणि जजसमोर तोंडघशी मी पडतो.

वेळ कमी राहिलाय, काचेपलीकडून बोटं दाखवतायत, तर बाकीचं भराभर सांगतो.

मध्यस्थी हे स्वतंत्र काम आहे, २०२३ चा मध्यस्थी कायदा आलाय, चाळीस तासांचं प्रशिक्षण असतं, ते करून ठेवा. नंदुरबारकडच्या पोरांनी वनहक्काकडे बघावं, २००६ चा कायदा, दावा आधी ग्रामसभेत, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती, आणि पुराव्यात गावातल्या म्हाताऱ्यांचा जबाबही चालतो, पण तो लिहून कोण घेणार? ज्याला भिली किंवा पावरी येते तो. अक्कलकुवा, धडगावला मुंबईचा एलएलएम येऊन ते करू शकत नाही, तुम्ही करू शकता.

जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे हे नाव याच भागातल्या मालाचं असा शिक्का, मिळालं. सगळ्यांनी पेढे वाटले, पण ते नाव वापरायचं तर शेतकऱ्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते, आणि मानांकन दहा दहा वर्षांनी रिन्यू करावं लागतं. बौद्धिक संपदा विषय घेतलेली पोरं पुण्यात कंपन्यांचे दरवाजे ठोठावतात आणि इकडं रावेर-यावलला हे काम पडून आहे.

भाषांतराचंही काम आहे. खालच्या कोर्टात मराठी चालते, आपली अपिलं जातात हायकोर्टाच्या संभाजीनगर खंडपीठाला, तिथं इंग्रजी. सातबारा, फेरफार, जबाब, सगळं इंग्रजीत करावं लागतं, आणि फेरफाराचं भाषांतर करायला फेरफार काय असतो ते कळावं लागतं. बँकांत लॉ ऑफिसरची परीक्षा असते, त्यालाही सनद लागते आणि खुल्या गटाला वय तिशीच्या आत. म्हणजे फिरून सनद. आणि जजसाठी तीन वर्षं, प्रोव्हिजनल नोंदणीपासून, विसरू नका.

त्या पोरीचं विचाराल तर ती सकाळी कॉलेजात तास घेते, दुपारी कोर्टात असते, आणि तिसऱ्या प्रयत्नाला नेट निघाली. माझ्याकडे आता येत नाही, तिचं वेगळं टेबल आहे, टपरीच्या अलीकडंच.

आणि परवा धाकट्या भावाचा फोन आला. म्हणाला साहेब, आम्ही विहिरीवर सोलर पंप बसवतोय. मी म्हटलं वा, आता रात्रीची कटकट मिटली. तो म्हणाला मिटली कसली, सोलर फक्त दिवसा चालतो, आणि तोही ऊन चांगलं असेल तर, ढगाळ दिवस कुणाच्या वाट्याला धरायचा त्यावरून दादाशी कालपासून बोलणं बंद आहे. मी म्हटलं ये मग कागद घेऊन. तर म्हणतो, नाही नाही, तुम्हाला त्रास नको, त्या ताईंचा तेवढा नंबर द्या.

दिला मी. नमस्कार मंडळी.