उजेडाची वाटणी: तलावातील जीवाणूंची चढाओढ

मित्रहो, टेबलावरची ही काचेची बरणी मागच्या रांगेतून नीट दिसणार नाही, म्हणून ती कशी तयार केली ते आधी सांगतो. गोदाकाठचा काळा गाळ घेतला, त्यात वर्तमानपत्राचे बारीक तुकडे, अंड्याचा बलक आणि थोडे जिप्सम कालवले, वर नदीचेच पाणी ओतले आणि तोंड झाकून बरणी काही आठवडे खिडकीत ठेवली. आज तळाशी काळा थर आहे, त्यावर हिरवा पट्टा, त्यावर वांग्याच्या सालीसारखा जांभळा आणि पाण्यालगत पुन्हा हिरवा. ही युक्ती रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची.

वरच्या हिरव्या थरातले नीलहरित जीवाणू झाडांप्रमाणे पाण्याच्या रेणूचे विघटन करून ऑक्सिजन सोडतात. खालचे जांभळे आणि हिरवे गंधक-जीवाणू पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे कुजक्या अंड्याचा वास येणारा वायू, वापरतात आणि ऑक्सिजन मुळीच सोडत नाहीत. हिरव्यांना हा वायू जांभळ्यांपेक्षा अधिक सोसतो, म्हणून ते तळाजवळ दिसतात. मात्र एका बाबतीत बरणी आपल्याला फसवते. येथे उजेड बाजूने, काचेतून येतो आणि प्रत्येक थराला तो थेट मिळतो. तलावात उजेड येतो तो फक्त वरून, आणि खरी चढाओढ तेथेच सुरू होते.

नत्र किंवा स्फुरद पाण्यात विरघळते, आणि पाणी ढवळले की ते सगळीकडे सारखे पसरते. उजेडाचे तसे नाही. वरच्याने तो टिपला की खालच्याच्या वाट्याला सावली येते. नाशिककरांना हे वेगळे समजवायला नको, कारण मांडवावर पानांची गर्दी झाली की खालच्या घडांना ऊन मिळत नाही आणि पाने विरळ करावी लागतात, हे येथे प्रत्येक द्राक्ष बागायतदाराला ठाऊक आहे. परंतु मांडवाखाली जशी केवळ सावली पडत नाही, तर पानांतून गाळून आलेला हिरवट उजेड पडतो, तशीच तलावातली सावलीही रंगीत असते, आणि माझ्या मते या विषयाचे मर्म त्या रंगात आहे.

पाणी स्वतःच लाल प्रकाश लवकर शोषते, आणि अवरक्त, म्हणजे लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश तर एक-दोन मीटरांतच संपतो. स्वच्छ पाण्यात निळा आणि निळसर हिरवा प्रकाश सर्वांत खोल जातो. पावसाळ्यात गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागते तेव्हाच्या गढूळ, तांबूस पाण्यात नेमके उलटे घडते. तेथे निळा प्रकाश आधी संपतो आणि लालसर उजेड त्यातल्या त्यात अधिक खोल पोचतो. म्हणजे कोणता जीवाणू कोठे टिकेल हे किती उजेड आहे एवढ्यावर ठरत नाही. कोणत्या रंगाचा उरला आहे, हेही पाहावे लागते.

२००४ साली ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील मायके स्टॉम्प, येफ हाऊसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाल्टिक समुद्रातील दोन सूक्ष्म नीलहरित जीवाणू एकत्र वाढवले. एक हिरवा, जो फायकोसायनिन या रंगद्रव्याने लाल प्रकाश टिपतो. दुसरा लाल, जो फायकोएरिथ्रिनने हिरवा प्रकाश टिपतो. केवळ लाल दिव्याखाली हिरवा जिंकला, केवळ हिरव्या दिव्याखाली लाल जिंकला, आणि पांढऱ्या प्रकाशात दोघेही नांदले. एकाने नाकारलेला रंग दुसऱ्याचे अन्न ठरला. मला हा प्रयोग फार सुंदर वाटतो, कारण एवढ्याशा पाण्यात इतक्या जाती कशा राहतात, या जुन्या कोड्याचा एक धागा त्याने मोकळा केला.

खोल तलावात हीच गोष्ट थरांमध्ये दिसते. स्वित्झर्लंडमधील कादान्यो तलावाचे वरचे आणि तळाचे पाणी एकमेकांत मिसळत नाही. दहा-बारा मीटर खोलीवर, जेथे खालून सल्फाइड येतो आणि वरून थोडा उजेड पोचतो, तेथे जांभळ्या जीवाणूंचा दाट थर असतो. त्यांना एरवी उपयोगी पडणारा अवरक्त प्रकाश तेथे उरलेलाच नसतो, म्हणून ते ओकेनोन या रंगद्रव्याच्या साहाय्याने हिरवट उजेड टिपतात. अशा थराखालीही हिरवे गंधक-जीवाणू जगतात. त्यांच्या पेशीतील क्लोरोसोम नावाच्या एकेका पिशवीत बॅक्टेरिओक्लोरोफिल या उजेड टिपणाऱ्या रंगद्रव्याचे लाखाहून अधिक रेणू दाटीने रचलेले असतात. प्रकाशाचा कण क्वचितच आला तरी तो निसटू नये अशी ही व्यवस्था आहे.

दुसरा मार्ग सावलीतून वर निघण्याचा. मायक्रोसिस्टिस या नीलहरित जीवाणूच्या पेशीत प्रथिनाच्या, आतून पोकळ वायुनलिका असतात, आणि त्यांच्या बळावर तो वर येतो. दिवसा उजेडात साखर साठून तो जड होतो आणि खाली बसतो. रात्री साखर खर्च झाली की पुन्हा वर तरंगतो. म्हणूनच वारा नसलेल्या पहाटे तळ्यावर हिरवी साय धरलेली दिसते.

ॲम्स्टरडॅमजवळच्या न्यूवे मेर या खोल तलावात १९९३ पासून तळातून हवेचे बुडबुडे सोडून पाणी ढवळण्यात आले. तरंगण्याचा फायदा संपला, मायक्रोसिस्टिस घटला आणि त्याच्या जागी डायटम, म्हणजे काचेसारखे कवच असलेली सूक्ष्म शैवाले, व हिरवी शैवाले वाढली. हा उपाय आपल्या उथळ तळ्यांवर चालणार नाही. ढवळून ज्या अंधारात मायक्रोसिस्टिसला ओढायचे, तेवढा अंधारच तेथे नाही. त्यामुळे तेथे सांडपाण्यातून आणि शेतांतून येणारे स्फुरद व नत्र तळ्यात शिरण्याआधीच अडवावे लागते.