भयपटाचा ट्रेलर आणि कापायची घाई

(चित्रपट संकलन शिकणाऱ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. फलकावर विषय लिहिलाय तो ‘भयपटांच्या ट्रेलरमधली संकलनाची गती’. गतीकडे येतेच, पण आधी मला अजिबात न कापलेल्या एका शॉटबद्दल बोलू द्या.

स्टॅन्ले कुब्रिकच्या ‘द शायनिंग’ या १९८०च्या भयपटाचा टीझर, म्हणजे ट्रेलरआधीची छोटी झलक. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आज पाहाच, आणि शक्यतो फोनवर नको. जेमतेम दीड मिनिटाचा तो सगळा टीझर म्हणजे एकच शॉट. हॉटेलातला कॉरिडॉर, समोर लिफ्टची लाल दारं, कडेला खुर्च्या. कॅमेरा जागचा हलत नाही. माणूस नाही, संवाद नाही. मागे कानाला टोचणारं संगीत वाढत जातं आणि नावं खालून वर सरकत राहतात. आता तुम्ही प्रेक्षक म्हणून काय करता बघा. पहिले काही सेकंद नावं वाचता. मग नजर अक्षरांच्या मागे जाते. हे दार आहे, ही खुर्ची आहे, पलीकडे काय असेल? नावं संपली तरी शॉट संपत नाही. आता वाचायला काही उरलेलं नाही, नुसतं बघत बसायचं. आणि तेव्हा लिफ्टच्या दाराच्या फटीतून रक्त येतं. संथ गतीत, लाटेसारखं. भिंतींवर आपटतं, फर्निचर ढकलत आपल्याकडे येतं आणि भिंगावर चढतं. सगळं लाल.

मला विचाराल तर रक्त येण्याच्या आधीच त्या टीझरचं काम झालेलं असतं. नजर चौकटीत भटकायला लागली, कोपरे तपासायला लागली, की माणूस भ्यायला लागतो. त्यासाठी त्याला वेळ द्यावा लागतो. एका सेकंदाच्या शॉटमध्ये डोळा चेहऱ्यावर किंवा मधोमध जातो, ‘हे काय आहे’ एवढं ओळखतो, तोवर पुढचा शॉट आलेला असतो. शोधायची जबाबदारीच त्याच्यावर येत नाही. कट म्हणजे प्रेक्षकाची सुटका. आपण भराभर कापतो तेव्हा त्याला भराभर सोडवत असतो.

हे मी इतकं तावातावाने का बोलते? एका भयपटाच्या ट्रेलरचं काम माझ्याकडे होतं. त्यात वाड्याच्या जिन्याचा एक शॉट होता. खालून वर बघणारा कॅमेरा, वरच्या चार पायऱ्या अंधारात. आठ सेकंद काही घडत नाही. मला तो शॉट ट्रेलरचा कणा वाटत होता. निर्मात्यांकडून निरोप आला, ‘इथे काही होत नाहीये, कमी करा.’ मी सहा सेकंदांवर आणला. मग चारवर. मग सांगितलं गेलं की दोन पुरेत, आणि खाली एक दणक्याचा आवाज टाका. शेवटी तो शॉट बारा फ्रेमचा राहिला. सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद! त्या अर्ध्या सेकंदात जिना आहे एवढंच कळतं. वरच्या अंधाराकडे नजर पोचतच नाही. आणि त्या अंधारासाठीच तो शॉट घेतला होता हो!

त्यांचीही अडचण होती, हे मला मान्य आहे. ऑनलाइन जाहिरात पाच सेकंदांत टाळता येते. म्हणून आता ट्रेलरच्या सुरुवातीलाच त्याच ट्रेलरचे दहा-बारा तुकडे भसाभस दाखवतात. पण त्या भीतीपोटी ट्रेलरचा प्रत्येक सेकंद पहिल्या पाच सेकंदांसारखा कापायचा? हे मला पटलेलं नाही, पटणारही नाही.

बरं, मला सांगा, हल्ली भयपटाचा ट्रेलर कसा संपतो? सिनेमाचं नाव येतं, मग शांतता, आणि मग?

(सभागृहातून : ‘किंचाळी!’)

बघा, एकमुखाने! तबलजीने तिहाई घेतली की समेवर आपली मान आपोआप हलते, तसं झालंय हे. गाण्यात सम ओळखता येण्यातच आनंद आहे. भीती मात्र तिथेच मरते.

शांततेनंतरचा हा दचका फार जुना आहे. १९४२चा ‘कॅट पीपल’, दिग्दर्शक जॅक टर्नर, संकलक मार्क रॉबसन. एक बाई रात्री एकटी चालली आहे, मागे कुणीतरी आहे. पावलं ऐकू येतात, मग येईनाशी होतात. ती थांबते, बघते. आता झडप पडणार असं वाटतं आणि बाजूने सुस्कारा टाकत बस येऊन थांबते. पुढे अशा दचक्याला ‘बस’ असंच नाव पडलं. आपण त्यातली नुसती बस उचलली. तिच्या आधीचं चालणं टाकून दिलं.

चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं उरलीत. हिचकॉकने ‘सायको’साठी केलेला, स्वतः मोटेलभर हिंडून दाखवणारा सहा मिनिटांहून मोठा ट्रेलर मग राहू दे. मूळ मुद्दा घेते.

संकलनाची गती मोजायला आपण शॉटची सरासरी लांबी काढतो. ट्रेलरसाठी ती फसवते. दोन मिनिटांचा ट्रेलर, साठ शॉट, सरासरी दोन सेकंद. पण साठही शॉट दोन-दोन सेकंदांचे असू शकतात, किंवा एक शॉट वीस सेकंदांचा आणि बाकीचे एकोणसाठ उरलेल्या शंभर सेकंदांत. सरासरी तीच, ट्रेलर मात्र पूर्ण वेगळे. म्हणून सरासरी काढून थांबू नका. प्रत्येक शॉटची लांबी क्रमाने मांडा आणि आलेख बघा. सर्वात लांब शॉट कुठे बसलाय? त्याच्यानंतर लगेच काय येतं?

‘एलियन’चा १९७९चा ट्रेलर असा मांडून बघा. एकही संवाद नाही. आधी ओबडधोबड पृष्ठभागावरून कॅमेरा सावकाश सरकतो, अंडं दिसतं, ते तडकतं. त्यानंतर भोंग्यासारखा कर्कश आवाज आणि भराभर कट. तिथली गती अंगावर येते ती आधीच्या संथपणामुळे. मी वेगाच्या विरोधात नाही. वेग अंगावर यावा म्हणून आधी वेळ साठवावा लागतो.

दुसरं, मधल्या काळ्या फ्रेम. मोजताना त्या वगळायची पद्धत आहे. भयपटाच्या ट्रेलरमध्ये वगळू नका. काळ्या पडद्यावर वीस फ्रेम श्वासाचा आवाज असेल तर तो शॉटच आहे, त्याचीही लांबी लिहा. आणि तो काळा तुकडा दर वेळी तेवढाच ठेवू नका. सारखाच ठेवला तर तिसऱ्या वेळी प्रेक्षक मनात मोजायला लागतो.

तिसरं आवाजाबद्दल. कट आणि दणका एकाच फ्रेमवर टाकायची सवय सोडून बघा. आवाज चार फ्रेम आधी येऊ द्या, किंवा चित्र बदलून जाऊ दे आणि आवाज येऊच नये. हे टेबलावर करूनच कळेल. मशीन चालू आहे ना? मघाशी दिलेलं फुटेज उघडा आणि पहिल्या खेपेला सर्वात लांब शॉटला हात न लावता बाकीचं कापा.