पोटात दुखता

दहावीच्या निकालात पहिला विभाग कुठला, हे कोकणात कुणी विचारत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून झालेला कोकण विभाग २०२५ सालीही राज्यात पहिला आला, ९८.८२ टक्क्यांनी. मे महिना. आंब्याच्या पेट्या आणि पेढ्यांचे पुडे एकाच पडवीत.

आता देवगडच्या बाजूची एक शाळा. श्रावणातली सोमवार सकाळ. प्रार्थना संपते आणि नववीतली एक मुलगी बाईंसमोर उभी राहते.

"बाई, पोटात दुखता."

मागच्या सोमवारीही दुखत होतं. चाचणीच्या दिवशीही. ओवा देऊन झाला, डॉक्टरांना दाखवून झालं. पोटात काही नाही.

पण दुखतं, हे खरं. ती नाटक करत नाही. मनावरचा ताण मुलांच्या अंगातून बाहेर पडतो: पोटदुखी, डोकेदुखी, उडालेली झोप.

मग ती मनाचं दुखणं मनाचं म्हणून का सांगत नाही? राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे. त्यामुळे "ह्येका रत्नागिरीक न्हेऊक व्हया" ही चेष्टा इथली पोरं लहानपणीच शिकतात. जिथे बरं व्हायचं, त्या गावाचंच नाव शिवी झालं. घरी आजी जीव लावते. पण "आमच्या वेळेक असला काय नव्हता", हेही तीच म्हणते.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे समुपदेशक हवा. कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी हवी. कोकणातल्या कितीतरी शाळांचा अख्खा पट शंभराच्या आत. म्हणजे आपल्याला लागू होतं ते दुसरं वाक्य. आणि तज्ज्ञ बसतात लांब, शहरात. पावसात एसटी चुकली की भेट पुढच्या आठवड्यावर.

फोन पोचतो, रेंज असेल तिथे. 'टेली मानस', मनाच्या दुखण्यासाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्री चालतो, मराठीत बोलता येतं. हा नंबर मुख्याध्यापकांच्या खोलीत लावून काय उपयोग? तो सायकली लावतात तिथे हवा. कुणी बघत नसताना टिपून घेता येईल असा.

आज बाई ओव्याची डबी काढत नाहीत. मुलीला व्हरांड्याच्या टोकाला नेतात, शेजारी बसतात. पागोळ्या गळतायत.

"कधीपासून दुखता गो?"

बराच वेळ काही नाही. मग,

"बाबांचो फोन इल्लो मुंबईसून. म्हणाले, गणपतीक येवचंय नाय."