टाळी पडली की गाय विकली

पहाटेचे चार. आयर्लंडच्या पश्चिमेकडचा, क्लेअर काउंटीतला एक ओला रस्ता. अंधारात आधी खुरांचा आवाज येतो, मग काठी घेतलेला शेतकरी दिसतो. रात्रभर चालत आलाय. आज गावात 'फेअर' आहे. गुरांचा बाजार.

बाजाराला वेगळी जागा नसे. गावचा मोठा रस्ता, तोच बाजार. दुकानदार काचांपुढे फळ्या ठोकून ठेवत. बिथरलेली कालवड काचेत घुसली, तर भरपाई मागायची कोणाकडे? शाळेत त्या दिवशी पोरं कमीच. गुरं वळायला घरचं पोरगं लागे.

आता सौदा बघा. विकणारा म्हणतो, २२ पाऊंड. घेणारा हसतो, १८ म्हणतो आणि पाठ फिरवून निघतो. निघतो, पण पाय उचलत नाही! एवढ्यात मध्ये पडतो 'टँगलर', म्हणजे दलाल. घेणाऱ्याला बाहीला धरून मागे ओढतो, दोघांची मनगटं पकडून हात जुळवायला बघतो. विकणारा हात हिसडतो. पुन्हा ओढाताण. भोवती बघ्यांचं कडं, सल्ले फुकट. शेवटी टँगलर ओरडतो, "फरक निम्मा निम्मा करा!" म्हणजे २०. तळहातावर थुंकी, फाडकन टाळी, आणि गायीच्या पाठीवर चिखलाचा फराटा. विकली. कागद नाही, सही नाही.

पण व्यवहार अजून पुरा व्हायचाय. पैसे मोजताना, बहुधा पबमध्येच, विकणाऱ्याने थोडी रक्कम घेणाऱ्याला परत द्यायची. ही 'लक पेनी', शकुनाचे पैसे. नाव पेनीचं, मागणी शिलिंगांची! शकुन किती द्यायचा, यावरूनही घासाघीस चाले.

एवढी ओढाताण का? जुन्या काळी जमीन जमीनदाराची. खंडाचे हप्ते बहुतेक मे आणि नोव्हेंबरात. घरच्या डुकराला लोक थट्टेने 'खंड भरणारे साहेब' म्हणत, त्यात थट्टा थोडीच होती. गाय न विकता परत न्यायची म्हणजे पुन्हा तेवढीच पायपीट, आणि हे व्यापाऱ्याला पक्कं ठाऊक.

१९५०च्या दशकात 'मार्ट' आले. कठडे, वजनकाटा, लिलाव. रस्ते शेणातून सुटले, टँगलरचं पोट गेलं. बॅलिनास्लो गावच्या ऑक्टोबरातल्या घोडेबाजारात मात्र टाळी अजून वाजते. आणि कुठे कुठे मार्टमध्येही, लिलाव उरकल्यावर, विकणारा घेणाऱ्याच्या मुठीत हळूच एक नोट सरकवतो.