आंब्याला मोहोर येत नाही? आधी फांदीचा शेंडा बघा

ही फांदी बघा. जरा जवळ धरतो. शेंड्याचं पान तांबूस, लुसलुशीत. दुमडलं तरी मोडत नाही. आता ही दुसरी. पान गडद हिरवं, दुमडलं की कटकन मोडलं. झाड एकच, पण मोहोराची आशा या दुसरीवर. पहिली अजून कोवळी आहे.

मोहोराच्या तोंडावर सगळे विचारतात, "कोणती फवारणी घेऊ?" तोवर बराच उशीर झालेला असतो. आंब्याचा मोहोर शेंड्यावर येतो आणि तो शेंडा साधारण 4 ते 6 महिन्यांचा, जून झालेला लागतो. त्यात रात्री 15 अंशांच्या आसपास उतरल्या की शेंड्यावरच्या डोळ्यातून, म्हणजे कोंबातून, मोहोर निघतो. तोच डोळा उबदार हवेत, भरपूर पाणी आणि नत्र मिळालं की पालवी काढतो. म्हणून खरं काम काढणी संपली की लगेच.

फळं उतरवली की मोहोराच्या वाळक्या काड्या छाटा. मधोमध गर्दी करणारी एखादी फांदी काढून टाका, आत ऊन पोचू द्या. खतही तेव्हाच. बुंध्याला चिकटून नको, फांद्यांचा घेर संपतो त्याच्या जरा आत चर काढून द्या. मोहोराआधी दोन-तीन महिने पाणी तोडा. मी एकदा झाडाची दया येऊन नेमकं तेव्हाच पाणी सोडलं होतं. झाड काय हिरवंगार झालं! मोहोर मात्र चार काड्यांवर.

औषधांचं म्हणाल तर, पॅक्लोब्युट्राझोल झाडातल्या जिबरेलिनला, म्हणजे वाढीच्या संप्रेरकाला, आवर घालतं, त्यामुळे वाढ थांबते आणि मोहोराला वाव मिळतो. पण ते मातीत बराच काळ राहतं. लहान किंवा अशक्त झाडाला मी कधीच देणार नाही. फिलिपिन्समध्ये पूर्वी मोहोरासाठी झाडाखाली धूर करायचे. 1970च्या दशकात तिथले शास्त्रज्ञ रामोन बार्बा यांनी पोटॅशियम नायट्रेटची फवारणी शोधली आणि धुराची गरज उरली नाही. पण तीसुद्धा जून शेंड्यावरच चालते, आणि सगळ्या जातींवर सारखी नाही. कोवळ्या फांदीवर मारली तर पैसे पाण्यात.

मोहोर आला की तुडतुडे (रस शोषणारे बारीक किडे) आणि भुरीवर (पांढऱ्या बुरशीवर) नजर ठेवा. पानं चिकट, काळपट दिसायला लागली म्हणजे तुडतुडे आधीच येऊन बसलेत. फवारायचं ते फुलं उमलायच्या आधी. एका मोहोरात शेकडो फुलं असतात, त्यातली बरीच नुसती नर. उरलेल्यांचं परागीभवन मधमाश्यांइतकंच साध्या माश्या करतात. ऐन फुलोऱ्यात कीटकनाशक मारलं तर फळ धरणार कोण?

फळं वाटाण्याएवढी झाली की पाणी पुन्हा सुरू करा. सुरुवातीला थोडं, मग वाढवत न्या. गळ होईलच, घाबरू नका. एका मोहोरावर शेवटी एक-दोन फळं टिकली, तरी झाड चांगलं लागलंय म्हणायचं.