जखमींचा रकाना

(दृश्य : कार्यशाळेतलं टेबल. पाण्याचं घमेलं, प्लास्टरच्या पट्ट्या.)

वानवडी, पुणे. सैन्यदलांचं कृत्रिम अवयव केंद्र. फौजींच्या बोलण्यात 'एएलसी'. समोर खुर्चीत बसलेला जवान तिशीतला आहे. डावा पाय गुडघ्याखाली वीतभर उरलाय. अशा पायाला इथे 'बीके' म्हणतात, मांडीतून गेला असेल तर 'एके'. बीके झालेला जवान स्वतःला नशीबवान समजतो, कारण गुडघा स्वतःचा असला की चाल स्वतःची राहते.

तंत्रज्ञ सुरुवातीला नुसता हात फिरवून बघतो. हाड कुठे टोकदार आहे, मांस कुठे भरलेलं आहे, टाके कुठून गेलेत, कुठे बोट लावलं की जवान दचकतो. मग उरलेल्या पायावर, म्हणजे स्टंपवर, घट्ट सुती मोजा चढतो आणि त्यावर जांभळ्या पेन्सिलीने खुणा होतात. गुडघ्याची वाटी. वाटीखालचा जाड स्नायुबंध. बाहेरच्या अंगाला वर आलेलं हाड. ही पेन्सिल ओली झाली की रंग सोडते, त्यामुळे वरून गुंडाळलेल्या प्लास्टरच्या आतल्या अंगावर या खुणा जशाच्या तशा उमटतात.

(दृश्य : प्लास्टरवर दाबलेले दोन अंगठे. मूळ आवाज ठेवावा.)

प्लास्टर आवळेपर्यंत तंत्रज्ञ वाटीखाली दोन्ही बाजूंनी अंगठे दाबून धरतो. यापुढे शरीराचा मोठा भार याच जागेवर येणार आहे. साचा उतरला की त्यात पुन्हा प्लास्टर ओतायचं. ते सुकल्यावर बाहेरचं कवच फोडलं, की हातात येते त्या जवानाच्या स्टंपची पांढरी प्रतिकृती, जांभळ्या खुणांसकट. मग कानस चालते. जिथे भार सोसायचा तिथे प्लास्टर घासून कमी करायचं, जिथे हाड कातडीला भिडलंय तिथे उलट भर घालायची. यात दोन-चार मिलिमीटरची चूक झाली तर फोड येतो, फोड चिघळला तर पाय घालता येत नाही, आणि पाय घालता आला नाही की माणूस पुन्हा कुबड्यांवर. म्हणून घाई कुणालाच नाही. कानस थांबते, साचा उजेडाकडे धरला जातो, बोट फिरतं, पुन्हा कानस.

(दृश्य : भट्टीचं दार उघडतं.)

आता ही भट्टीतली शीट बघा. पॉलिप्रॉपिलिन. आत जाताना दुधाळ पांढरी होती, तापली तशी काचेसारखी आरपार दिसू लागली. ती ओढून प्लास्टरवर चढवायची आणि पंपाने आतली हवा खेचून घ्यायची. शीट प्लास्टरला घट्ट बसते आणि थंड होता होता पुन्हा पांढरी पडते. हे झालं सॉकेट. त्याखाली धातूची नळी, नळीखाली पाऊल. स्क्रू पिळून पाऊल थोडं आत, थोडं बाहेर. नळी एखादा अंश पुढे कलली तरी गुडघा ओढला जातो आणि कंबर दुखायला लागते.

समोर दोन समांतर दांड्या, टोकाला मोठा आरसा. जवान पहिल्यांदा उभा राहतो.

(दृश्य : आरशातला चेहरा. इथे निवेदन नाही. पूर्ण फेरी होईपर्यंत शॉट तोडू नये.)

एका पायाच्या कामावर आम्ही एवढा वेळ कॅमेरा रोखला, त्यामागे कारण आहे. आपल्याकडे युद्धाची गोष्ट रणगाड्यापासून सुरू होते आणि तिरंग्यात गुंडाळलेल्या पेटीपाशी थांबते. जो मेला नाही आणि धडही परतला नाही, त्याला त्या गोष्टीत जागा नसते.

पायदळी येणारा सुरुंग तळहाताएवढा असू शकतो. त्यातली दारू बऱ्याचदा मुद्दामच कमी भरलेली असते. माणूस मेला तर एक कमी होतो. पाय तुटला तर त्याला उचलायला आणखी दोघं-तिघं लागतात. हा हिशेब करूनच तो बनवलेला असतो. नियंत्रण रेषेवर पावसाने माती सरकते, बर्फ वितळतं आणि पेरलेले सुरुंग जागा बदलतात. नकाशात एकीकडे, जमिनीत भलतीकडे. २००१-०२ मध्ये 'ऑपरेशन पराक्रम'च्या वेळी सीमेवर मैलोन्‌मैल सुरुंग पेरले गेले. युद्ध झालंच नाही. सुरुंग पेरताना आणि नंतर काढताना मात्र जवान मेले, पाय गेले.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. बोटीवर चढणारे फौजी, मेसोपोटेमिया.)

पुण्यात जखमी जवानांसाठीच्या अशा संस्था तीन आहेत, आणि तिन्हींची जन्मसालं लढायांशी जुळतात. १९१७. १९४४. १९७४.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून जास्त माणसं समुद्रापार गेली. त्यातली सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढणाऱ्या एका डिव्हिजनचं नावच 'सहावी पूना' होतं. तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७. कुत-अल-अमारा या नदीकाठच्या गावात ही डिव्हिजन वेढ्यात सापडली. १९१५ च्या डिसेंबरपासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, १४७ दिवस. रसद संपली, घोडे कापले गेले, धर्माच्या बंधनामुळे अनेक हिंदी शिपायांनी ते मांसही खाल्लं नाही. शेवटी शरणागती आणि कैद. याच युद्धातून अपंग होऊन आलेल्या शिपायांना पोटापुरतं काम शिकवायला १९१७ मध्ये क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. आधी मुंबईत, मग खडकीला. ती आजही चालू आहे. आजही तिथले विद्यार्थी जखमी जवान आहेत.

दुसऱ्या महायुद्धात फौजेत २५ लाख हिंदी माणसं होती. या चित्रात दिसतोय तो नाईक यशवंत घाडगे, रायगडच्या माणगाव तालुक्यातला. १० जुलै १९४४, इटलीतलं अप्पर टायबर खोरं. समोरून मशीनगन सुरू झाली आणि एकटे घाडगे वगळता त्यांच्या सेक्शनमधला, म्हणजे छोट्या तुकडीतला, प्रत्येक जण मेला किंवा जखमी झाला. घाडगे एकटे पुढे धावले. ग्रेनेड टाकून मशीनगन बंद पाडली, मॅगझिन बदलायला वेळ उरला नाही तेव्हा बंदुकीचा दस्ता चालवला, आणि शत्रूच्या गोळ्यांनी पडले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावात पुतळा उभा राहिला, आणि ते योग्यच झालं. पण त्या सेक्शनमधून जे जखमी होऊन परतले, ते कोण? 'मेले किंवा जखमी झाले' या चार शब्दांत ते संपले.

एएलसी सुरू झाली ती त्याच १९४४ मध्ये.

(दृश्य : खडकी. व्हीलचेअरवरचा बास्केटबॉल. चाकांचा आवाज.)

तिसरं साल १९७४. खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र. बांगलादेश युद्धाला तीन वर्षं झाली होती. ज्यांच्या कण्याला गोळी किंवा गोळ्याची कपची लागली, असे जवान रुग्णालयांत पडून होते. घरी पाठवायचं तर घर पेलू शकत नव्हतं. अशांसाठी हे केंद्र. इथे राहायचं, इथेच काम करायचं, खेळायचं.

कणा दुखावला की फक्त चालणं जातं असं बाहेरच्याला वाटतं. कमरेखाली काहीच कळत नाही. खिळा टोचला तरी कळत नाही, चटका बसला तरी कळत नाही. एका कुशीवर फार वेळ राहिलं की कातडी आतून सडायला लागते, तेही कळत नाही. म्हणून अंथरुणाला खिळलेल्याला ठरावीक तासांनी कूस बदलून द्यावी लागते, रात्रीसुद्धा. लघवीला नळी. नळीतून होणारा जंतुसंसर्ग. एके काळी कणा मोडलेला शिपाई बहुधा या दोन गोष्टींनीच मरायचा, गोळीने नव्हे.

(दृश्य : एक हात छोटा आरसा टाचेमागे धरतो. जवळून.)

हा आरसा इथे रोज वापरात असतो. टाच, घोटा, माकडहाड. कुठे लाली दिसते का, एवढंच बघायचं. लाली दिसली तर त्या अंगावर आज बसायचं नाही.

आणि हे चित्र दातांत ब्रश धरून रंगवलेलं आहे. चित्रकाराचे हात मानेखालच्या सगळ्या शरीरासारखेच निकामी आहेत. रंग भरताना खोलीत कुणी बोलत नाही, आम्हीही बोललो नाही.

(दृश्य : ब्रशचं टोक, कागद. निवेदन थांबवावं.)

मुरलीकांत पेटकरांचं नाव आता महाराष्ट्राला माहीत झालंय. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे, फौजेच्या यंत्रदुरुस्ती विभागातले, म्हणजे ईएमईमधले, अव्वल मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात सियालकोट आघाडीवर त्यांना गोळ्या लागल्या, एक कण्यातच राहिली. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचार म्हणून पाण्यात उतरवलं, आणि पाणीच त्यांचं मैदान झालं. १९६८ मध्ये भारताने पहिल्यांदा पॅरालिम्पिकमध्ये भाग घेतला, तेल अवीवला, तेव्हा ते तिथे टेबल टेनिस खेळले. १९७२, हायडेलबर्ग, ५० मीटर फ्रीस्टाइल. सुवर्णपदक आणि विश्वविक्रम. पॅरालिम्पिकमध्ये भारताचं ते पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. मधली ४६ वर्षं देशाला या माणसाची आठवण झाली नाही, हे लाजिरवाणं आहे. तसंच म्हणायला हवं.

पॅरालिम्पिकचं मूळही युद्धातच आहे. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात डॉक्टर लुडविग गुटमन कणा मोडलेल्या सैनिकांना धनुर्विद्या, पोलो असं काय काय खेळायला लावत. १९४८ मध्ये त्यांनी व्हीलचेअरवरच्या १६ खेळाडूंची स्पर्धा भरवली. तिचंच पुढे पॅरालिम्पिक झालं.

(दृश्य : दिल्ली. राष्ट्रीय युद्ध स्मारक, त्यागचक्र. नावांवरून सरकणारा कॅमेरा.)

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाचं लोकार्पण २५ फेब्रुवारी २०१९ रोजी झालं. तेव्हा इथल्या ग्रॅनाइटवर २५ हजार ९४२ नावं होती. स्वातंत्र्यानंतर कामी आलेला प्रत्येक जण नावानिशी इथे आहे. हुद्दा, नाव, क्रमांक. हे व्हायलाच हवं होतं, आणि उशिराच झालं.

आता दुसरा रकाना, जखमींचा. १९७१ : सुमारे ३ हजार ८०० मृत्यू, ९ हजार ८०० हून अधिक जखमी. कारगिल : ५२७ मृत्यू, १ हजार ३६३ जखमी. म्हणजे एका मृत्यूमागे अडीच जखमी. १९७१ चे जवान आता सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडून गेलेत. वय वाढलं की स्टंपवरचं मांस झडतं, जुनं सॉकेट खुळखुळतं, आतले मोजे एकावर एक वाढवावे लागतात. कारगिलवाले पन्नाशीच्या आसपास आहेत, आणि त्यांची मुलं नोकरी शोधतायत.

पेन्शनचं थोडक्यात सांगतो. मेडिकल बोर्ड अपंगत्वाची टक्केवारी ठरवतं. मग ही इजा नोकरीमुळे झाली का, असा प्रश्न येतो, आणि तिथे फायली अडतात. अपंग जवानाच्या बाजूने लागलेल्या निकालांवर सरकारने सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपिलं केली. संरक्षणमंत्री असताना मनोहर पर्रीकरांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१५ मध्ये या अपिलांवर कडक शब्दांत बोट ठेवलं. तरी खटले संपलेले नाहीत. २०२३ मध्ये नियम पुन्हा बदलले आणि माजी सैनिकांच्या संघटनांनी त्यांना विरोध केला. घरी सेवा करते ती बायको.

(दृश्य : पॅरिस, २०२४. गोळाफेकीचं मैदान.)

नागालँडचे होकातो सेमा, आसाम रेजिमेंट. १४ ऑक्टोबर २००२, काश्मीरमधलं चौकीबळ, सुरुंगात डावा पाय गेला. पुढची चौदा वर्षं खेळाशी संबंध नव्हता. २०१६ मध्ये पुण्यात लष्कराच्याच एका अधिकाऱ्याने त्यांचे खांदे बघून हातात गोळा दिला. तेव्हा ते ३२ वर्षांचे होते. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये १४.६५ मीटर, कांस्यपदक. ज्या खडकीत कण्याचं केंद्र आहे, तिथेच बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, आवारात लष्कराचं पॅरालिम्पिक केंद्र आहे. सेमा तिथेच घडले.

पदक मिळालं की कॅमेरे येतात, आमचाही गेला. पदक न मिळालेल्यांपैकी एक जण सातारा जिल्ह्यात भेटले. चेहरा दाखवू नका म्हणाले, म्हणून फक्त हात दिसतायत. तक्रार त्यांनी एकच सांगितली. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला बँकेत जावं लागतं, आणि बँक पहिल्या मजल्यावर आहे.

(दृश्य : अरुंद जिना. खालून वर.)

हुतात्म्यांच्या नावाची कमान असलेलं गाव आपल्याकडे शोधावं लागत नाही. त्याच गावच्या ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतल्या जखमी माजी सैनिकांची यादी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून मागवावी आणि त्यांची हरकत नसेल तर त्या कमानीवर नावं लावावीत. ७ डिसेंबरच्या ध्वजदिन निधीतून आपल्या तालुक्यात कुणाला काय मिळालं, हे ग्रामसभेत विचारावं. सार्वजनिक इमारतींत व्हीलचेअर जाईल अशी वाट असलीच पाहिजे, हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात लिहिलेलं आहे. वर दिसणाऱ्या जिन्याला अजून रॅम्प नाही, लिफ्ट नाही. तळमजल्यावर एक टेबल मांडलं तरी काम भागेल, आणि ते येत्या नोव्हेंबरच्या आत मांडता येईल.